हळदीच्या पाकिटावरची ती ओळ काढा : सांगलीच्या हळद बाजाराला खुले पत्र

प्रति,
हळदीचे व्यापारी, अडते, पावडर कारखानदार आणि हळदीचे पदार्थ करून विकणाऱ्या महिला बचत गटांतल्या ताया,
सांगली.

सप्रेम नमस्कार.

सौद्यांचे दिवस आहेत. यार्डात गाड्यांची रांग लागलेली असताना कुणी निवांत बसून लांबलचक पत्र वाचणार नाही, हे मला कळतं. पण नव्या हंगामाची पाकिटंही याच दिवसांत छापायला जातात, म्हणून आत्ताच लिहिते आहे. गेल्या वर्षभरात कृषी प्रदर्शनातून, किराणा दुकानातून आणि एकदा तर हळदीकुंकवाचं वाण म्हणून माझ्या हाती अशी पाकिटं आली, ज्यांवर ‘स्तनाच्या कॅन्सरपासून संरक्षण’ असं ठळक छापलेलं होतं. काहींत साधी पावडर होती, काहींत ‘कर्क्युमिन अर्का’च्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या द्रव्याच्या गोळ्या. एकावर स्तनाच्या कॅन्सरबद्दलच्या जागृतीची गुलाबी फीतसुद्धा होती. नावं घेत नाही. ज्यांनी छापलं त्यांना ठाऊक आहे. ती ओळ काढून टाका, एवढंच माझं मागणं.

मागणं एका ओळीचं असलं तरी कारण एका ओळीत मावत नाही. ‘हळदीत काही नाही, सगळं थोतांड’ असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. माझं माहेर कृष्णाकाठचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या हळद, आणि नोकरी औषधनिर्माणशास्त्राच्या मुलामुलींना वनस्पतिजन्य औषधं शिकवण्याची. हळदीत पुष्कळ काही आहे. गोंधळ सुरू होतो तो त्यामुळेच.

स्तनाच्या कॅन्सरवर वनस्पतींनी किती दिलंय ते आधी सांगते. 1962 साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली गेली. तिच्यातून टॅक्सॉल हा रेणू वेगळा काढणाऱ्या दोघांपैकी एक होते मनसुख वाणी. आपल्या नंदुरबारचे. दुसरे मन्रो वॉल. 1971 साली त्यांनी त्या रेणूची रचना जाहीर केली आणि 1994 साली स्तनाच्या कॅन्सरसाठी त्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. आज मिरजेत केमोथेरपी घेणाऱ्या कितीतरी बायकांच्या सलाइनमधून हेच औषध जातं. साल ते सलाइन, या प्रवासाला बत्तीस वर्षं लागली. हा आकडा जरा लक्षात ठेवा.

याच दोघांनी त्याआधी, 1966 साली, एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं. तोच पदार्थ आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात सापडतो. पाटण-कोयनेकडच्या लोकांना नरक्या सांगायला नको. चोरटी तोड होऊन होऊन तो रानातून दिसेनासा व्हायला लागला, तो याच पदार्थासाठी. कॅम्प्टोथेसिनपासून तयार केलेला रेणू प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जोडून बनवलेलं एक औषध 2020 पासून ‘ट्रिपल निगेटिव्ह’ या चिवट प्रकारच्या स्तनाच्या कॅन्सरवर वापरात आलं. आणि दारातली सदाफुली? तिच्यातून 1958च्या सुमारास कॅनडात व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध मिळालं. शोधणारे निघाले होते मधुमेहाचं औषध शोधायला. (आपल्याकडे अजूनही लोक साखरेसाठी सदाफुली चावून खातात. कृपा करून खाऊ नका.)

म्हणजे झाडपाल्यातून कॅन्सरचं औषध निघतं, ही गोष्ट खरी. पण ही तिन्ही औषधं जहाल आहेत. त्यांनी केस जातात, पांढऱ्या पेशी खाली येतात, हातापायांना मुंग्या येतात. जिला आधीच कॅन्सर झालाय ती बाई हे सगळं सोसते, कारण तिच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. तुमच्या पाकिटावर मात्र ‘उपचार’ लिहिलेलं नाही, ‘संरक्षण’ लिहिलंय. लिहिणाऱ्याला हा शब्द सौम्य वाटला असणार. उपचाराचा दावा केला तर कुणी पकडेल, प्रतिबंधाचं काय, निरुपद्रवी आहे. माझ्या मते तो दोन्हींतला जास्त जोखमीचा दावा आहे.

का ते सांगते. उपचाराचं औषध आजारी बाई घेते. प्रतिबंधाची गोळी धडधाकट बाई घेते, रोज घेते, वर्षानुवर्षं घेते. अशा हजार बायकांपैकी बहुतेकींना हा आजार तसाही होणार नसतो. त्यामुळे गोळीचा फायदा जेमतेम थोड्या जणींना मिळणार, आणि अपाय असलाच तर तो मात्र हजारांतल्या कुणालाही होणार. म्हणून प्रतिबंधाचं औषध सिद्ध करायला हजारो निरोगी बायका लागतात, बरीच वर्षं लागतात, आणि अपायाला जवळजवळ जागाच ठेवता येत नाही.

टॅमॉक्सिफेन या गोळीचं उदाहरण घ्या. अमेरिकेत ज्यांना धोका जास्त आहे अशा 13,388 स्त्रियांवर चाचणी झाली आणि 1998 साली निकाल आला : गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर 49 टक्क्यांनी कमी. एवढा स्पष्ट फायदा दिसूनही ती गोळी सरसकट सगळ्या बायकांना दिली जात नाही. कारण त्याच चाचणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसल्या. जिचा धोका मोजून जास्त निघतो, तिच्याशीच डॉक्टर हा विषय काढतात. सिद्ध झालेल्या औषधाची ही कथा. आपण न सिद्ध झालेल्या पावडरीवर गुलाबी फीत छापतो.

‘पण हळद नैसर्गिक आहे, तिनं काय होणार?’ हा प्रश्न मला दरवर्षी वर्गात विचारला जातो. बीटा-कॅरोटीनही नैसर्गिकच आहे. गाजरात असतं, आंब्यात असतं. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसलं होतं, म्हणून फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेतली. 1994 साली हाती काय आलं? बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी 1996 साली मधेच थांबवावी लागली, कारण तिथेही आकडे उलटेच वाढत होते. गाजरानं कुणाचं वाईट झालं नव्हतं. गाजरातला एकच पदार्थ काढून, मोठ्या मात्रेत, रोज दिल्यावर झालं.

ग्रीन टीच्या अर्काचंही पाहा. मिनेसोटात पाळी थांबलेल्या हजारावर स्त्रियांना वर्षभर तो अर्क किंवा दिसायला तशीच रिकामी गोळी दिली. या स्त्रियांचे स्तन मॅमोग्राफीत (छातीच्या एक्स-रे तपासणीत) घट्ट दिसत होते, आणि तो घट्टपणा कॅन्सरचा धोका वाढवणारा मानला जातो. अर्कानं तो एकूणात काही कमी झाला नाही. उलट काही जणींच्या यकृताचे एन्झाइम वाढले, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण दिसली. कपभर चहा आणि कॅप्सूलभर अर्क यांत हा फरक आहे. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेतून आल्या आहेत. प्रमाण कमी आहे, पण ‘अजिबात अपाय नाही’ असं छापण्याइतकं शून्य नाही.

आता आपल्या हळदीकडे येऊ. प्रयोगशाळेत कर्क्युमिन खरोखर करामती वागतं. स्तनाच्या कॅन्सरवरच्या प्रयोगांत जी पेशी सगळ्यात जास्त वापरतात तिला एमसीएफ-7 म्हणतात. 1970 साली डेट्रॉइटमध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या एका ननच्या शरीरातून घेतलेल्या पेशींची ती वंशावळ, अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढते आहे. या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की त्यांची वाढ मंदावते, सूज वाढवणारे संदेश दबतात, पेशी मरतातही. उंदरांच्या माद्यांना कॅन्सर आणणारं रसायन द्यायचं आणि सोबत हळद खाऊ घालायची, असे प्रयोगही झालेत. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये 1990च्या दशकात हळदीवर चांगलं काम झालं. कित्येक प्रयोगांत गाठी कमी आल्या. तुमच्याकडे विक्रीला येणारी पोरं ‘संशोधनानं सिद्ध’ म्हणून जे कागद दाखवतात, ते बहुधा याच प्रयोगांचे असतात. कागद खोटे नसतात.

पण विद्यापीठाच्या प्लॉटवर एकरी जो उतारा आला तोच आपल्या शिवारात येईल, असं तुम्ही कधी धरता का? तिथली जमीन वेगळी, पाणी वेगळं, राखण वेगळी. काचेच्या बशीतल्या पेशींना 10 ते 50 मायक्रोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजण्याचं एकक) कर्क्युमिनमध्ये अक्षरशः बुडवून ठेवलेलं असतं. माणसाचं काय होतं? एका चाचणीत रुग्णांना रोज 8 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते सरासरी दोन मायक्रोमोलरच्याही आतच राहिलं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आतड्यातून शोषलं जात नाही, आणि जे थोडं जातं ते यकृत चटकन निकामी करून बाहेर काढतं. आता तुमच्या भाषेत हिशेब करू. कर्क्युमिन चार टक्के धरलं, म्हणजे माल चांगलाच धरला, तरी 8 ग्रॅमसाठी 200 ग्रॅम हळद लागते. रोज, एका माणसाला. आपल्या आमटी-भाजीतून दिवसाला जाते दोन-अडीच ग्रॅम. तुमच्या पाकिटावर लिहिलंय, ‘रोज अर्धा चमचा दुधातून’.

मिरं घातलं की कर्क्युमिन जास्त शोषलं जातं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं, आणि तेव्हापासून प्रत्येक गोळीत मिऱ्याचा अर्क आला. शोषण वाढतं हे बरोबर. शोषण वाढलं म्हणजे कॅन्सर टळला, हे मात्र कुणी दाखवलेलं नाही. 2017 साली औषधी-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं कर्क्युमिनवरचं सगळं काम एकत्र तपासलं, माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्यांसकट. त्यांचा निष्कर्ष हळदवाल्यांना कडू लागेल : ज्यात रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही ठाऊक नाही की कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी, अशा काटेकोर चाचण्यांत कर्क्युमिन यशस्वी ठरलेलं नाही. शिवाय हा रेणू प्रयोगशाळेच्या चाचण्यांना फसवणारा आहे. स्वतः पिवळा चमकतो, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे उपयोगी असो नसो, यंत्रात ‘काम करतोय’ असंच दिसतं.

यावर कुणी म्हणेल, परदेशी लोक मुद्दाम आपल्या हळदीला नावं ठेवतात. 1995 साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट घेतलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेनं डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली ते लढवलं आणि 1997 साली रद्द करून घेतलं. मला त्याचा आजही अभिमान आहे. पण ती लढाई जिंकली कशावर, ते विसरू नका. ‘आमची आजी सांगायची’ यावर नाही. जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून. पुरावा मागितला की पुरावा दिला.

तरीही, दोन रुपये जास्त मिळावेत म्हणून कुणी चार शब्द वाढवून छापले, तर एवढं पत्र लिहायचं कशाला? मी लिहायला बसले ते एका गोडाऊनमधल्या बोलण्यामुळे. हळकुंडं निवडायला बसलेल्या बायका होत्या, कोपरापर्यंत पिवळ्या. छातीची तपासणी करून घ्या, तालुक्याला शिबिर आहे, असं मी सहज म्हटलं. त्यांतली एक हसून म्हणाली, “बाई, आमी दिसभर हळदीतच बसलोय, आमास्नी कसला कॅन्सर हुतोय?” बाकीच्याही हसल्या. चेष्टेत म्हणाली असेल, पण शिबिराला त्यांतली एकही आली नाही. तुमची ती ओळ बाजारात गिऱ्हाइकानं वाचली तर फार तर पैसे वाया जातील. ती ओळ ज्या बायकांच्या हातून पाकिटात भरली जाते, त्यांनी खरी मानली तर गाठ लागूनही त्या सहा महिने थांबतील. दुखत नाही ना, मग बघू. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाहीच.

2022 साली भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा आजार झाल्याचा आणि सुमारे 98 हजार जणी त्यानं गेल्याचा जागतिक अंदाज आहे. इतक्या जणी जाण्याचं एक मोठं कारण उशीर. उशिरावर काय उपयोगी पडतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयानं 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास केला. मॅमोग्राफीची यंत्रं नव्हती, मोठे डॉक्टरही नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातानं छाती तपासायच्या. 2021 साली निकाल छापून आला. तपासणी झालेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडत होता, आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे छापलं. सगळ्या वयांच्या मिळून जी घट दिसली, ती योगायोगाचीही असू शकते, हेसुद्धा लिहिलं. पुरावा असा असतो, कडेकोपऱ्यांसकट. तीस वर्षांवरच्या बाईची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होण्याची सोय आहे, आशाताई त्याचा फॉर्म भरतात. ही खबर किती जणींना आहे, ते तुमच्या गोडाऊनमध्येच विचारून पाहा.

कायद्याचं थोडक्यात सांगते, धमकी म्हणून नाही. 1954च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत कॅन्सरचं नाव स्पष्ट आहे. तो बरा होतो किंवा टळतो अशी औषधाची जाहिरात करता येत नाही. खाद्यपदार्थ म्हणून विकत असाल तर 2018चे दाव्यांबाबतचे नियम रोग टाळण्याचा दावा करू देत नाहीत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. लेबल करून देणारा डिझायनर हे सांगत नाही. दंड त्याला होत नसतो.

मग पाकिटावर काय छापायचं? छापण्यासारखं पुष्कळ आहे. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते किती जण लावतात? वाण कोणता, राजापुरी की सेलम की कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राचं फुले स्वरूपा, गाव कुठलं, हंगाम कोणता, कर्क्युमिन किती टक्के आणि कुठल्या प्रयोगशाळेनं मोजलं, शिशाची तपासणी झाली का. शिशाचं मुद्दाम म्हणते. बांगलादेशात हळदीला पिवळा तजेला यावा म्हणून पॉलिशच्या वेळी लेड क्रोमेट हा शिसं असलेला पिवळा रंग लावत होते, ते 2019च्या सुमारास उघड झालं, आणि तिथल्या बायका-मुलांच्या रक्तातल्या शिशाशी त्याचा संबंध निघाला. आपल्याकडे तसं होतं असं मी म्हणत नाही. पण परगावच्या गिऱ्हाइकानं विचारलं तर दाखवायला कागद हवा, आणि ‘शिसं नाही’ हे वाक्य कागदासकट छापता आलं तर त्याला कॅन्सरच्या ओळीपेक्षा जास्त भाव मिळेल असं माझं मत आहे. व्यापार तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

यात तुमचा आणखी एक फायदा आहे. हळदीच्या अर्कावरचं पुष्कळसं संशोधन अडतं ते माल एकसारखा नसल्यामुळे. या वर्षीचा अर्क एक, पुढच्या वर्षीचा दुसरा. शिजवण वेगळी, वाळवण वेगळी, पाण्यातला अर्क वेगळा, अल्कोहोलमधला वेगळा. मग एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे येत नाही. ज्या बाजारात प्रत्येक लॉटची नोंद वाणापासून कर्क्युमिनपर्यंत ठेवलेली असेल, त्या बाजाराकडे संशोधक स्वतःहून येतील. प्रतिबंधाचं खरं उत्तर, हो असो की नाही, उद्या कधी मिळालंच तर अशा मालातून मिळेल. झाडाच्या सालीपासून सलाइनपर्यंत बत्तीस वर्षं लागली होती, हे वर लिहिलंच आहे. आपण निदान नोंदवह्या तरी सुरू करू.

दुसरी गोष्ट बाजार समितीच्या कारभाऱ्यांना आणि अडत्यांना. हंगामात निवडायला, भरायला, झाडलोटीला येणाऱ्या बायका यार्डातच असतात. त्यांना रोज बुडवून तालुक्याला जाता येत नाही. एक बंद खोली, पडदा, पाणी आणि अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी एवढं तुम्ही दिलंत, तर आरोग्य खात्याच्या सेविका यार्डात आणायची खटपट मी करते. गाठ निघाली तर पुढची सोनोग्राफी, मॅमोग्राफी मिरजेत होते, म्हणजे हाकेच्या अंतरावर. त्या बाईबरोबर कोण जाणार, हे मात्र आधी ठरवून ठेवा. बहुतेक वेळा गाडं तिथेच अडतं.

बचत गटांच्या तायांना वेगळं सांगते. तुम्ही मोठ्या कारखान्यांची पाकिटं बघून मजकूर उतरवता, हे मला माहीत आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही. छापायला टाकण्याआधी मजकुराचा फोटो मला पाठवा. कुठली ओळ चालेल, कुठली नाही, ते मी लिहून देईन. पैसे नकोत. पाव किलो हळद चालेल, पॉलिश न केलेली.

आपली,
औषधनिर्माणशास्त्राची एक प्राध्यापिका,
सांगली

ता. क. : घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल आणि टॅमॉक्सिफेनची गोळी चालू असेल, तर कर्क्युमिन-मिऱ्याच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. नेदरलँड्समध्ये 2019 साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या 16 रुग्णांवर पाहिलं गेलं, तेव्हा कर्क्युमिनमुळे या औषधाचा शरीरात तयार होणारा कामाचा भाग रक्तात कमी झाला, आणि मिऱ्याचा अर्क जोडल्यावर आणखी कमी झाला. अभ्यास लहान आहे, घटही फार मोठी नाही, पण पुन्हा आजार उलटू नये म्हणून घेतलेली गोळी आपल्याच हातानं कमजोर कशाला करायची? फोडणीतल्या हळदीची काळजी नको. विकणाऱ्यांनी ही सूचना कॅप्सूलच्या बाटलीवर छापावी, मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत.